गयामावशीची आंबील आणि एकवीस दिवसांचं पथ्य

गयामावशी गाडग्याशी बोलायची. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईच्या डोक्यात काहीतरी फिरलंय, आणि मी दोन पावलं मागं सरकलो. मी मुळातच भित्रा. कनेरगाव नाक्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला लागून मला आठवडाही झाला नव्हता. दुकानाला लागूनच, लिंबाखाली, तिचं आंबिलीचं बस्तान. सकाळी ती गाडग्यावरचं ओलं फडकं बाजूला करायची, आत तोंड घालून वास घ्यायची आणि म्हणायची, "उठले का रे बाबू? का झोपूनच हाव अजून?"

मी इकडंतिकडं बघितलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं.

"कोणाशी बोलून राहिल्या, मावशी?"

"ह्यायच्याशी." तिनं गाडग्यात बोट दाखवलं. "दिसत न्हाई म्हणून काय ते नाहीत व्हय? तुले वारं तरी दिसते का? टायरात भरून देतच हाइस ना लोकायले?"

मी दुकानात जाऊन हवेचा पंप पुसायला लागलो. 

हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, परभणीतच होती. नाक्यावर चारदोन ढाबे, एक चहाचं हॉटेल, उन्हाळ्यात रघूची रसवंती, आमचं दुकान आणि मावशीचं गाडगं, एवढंच. वाशिमकडून येणारा आणि हिंगोलीकडून जाणारा ड्रायव्हर तिथं थांबला की आधी लिंबाखाली बघायचा. मावशी पन्नाशीची असेल. अंगानं भरलेली, हातात चांदीचे जाड कडे, कपाळावर आडवं कुंकू. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरचा माणूस ताटावरून मान वर करायचा.

आंबील करायची तिची एक रीत होती आणि ती रीत कोणी मोडलेली तिला खपायची नाही. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात कालवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आधणात सोडून गुठळी न होऊ देता हाटत राहायचं. मग भांडं उतरवायचं आणि वाट बघायची. ही वाट बघणं म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम. गिऱ्हाईक ओरडो, ट्रकवाले हॉर्न वाजवोत, ती करंगळी बुडवून बघत बसायची. करंगळीला सोसवेल इतकं निवलं की मगच कालचं वाटीभर राखून ठेवलेलं आंबवण आणि ताजं ताक त्यात जायचं. वर लसूण, जिरं, मीठ.

"गरमात टाकलं तं मरतेत," ती सांगायची. "मेलेलं पाजून काय उपेग?"

ते वाटीभर आंबवण ती दिवेलागणीच्या वेळी कोणाला द्यायची नाही. मागायला आलेल्या बाईला सांगायची, "आता त्यायची जेवायची टाइम हाय, सकाळी ये." आणि सकाळी खरंच द्यायची, पानात बांधून नाही, तर वाटीत घालून, वर हात झाकून, एखादं तान्हं लेकरू दुसरीच्या कडेवर द्यावं तसं.

गाडग्याचा वास घ्यायची तसा ती माणसाचाही वास घ्यायची. कोणी कुरकुर केली की म्हणायची, "जवळ ये. हा कर." समोरचा लाजत लाजत तोंड उघडायचा. ती नाक पुढं करून क्षणभर डोळे मिटायची. "दोन दिवस पोट साफ न्हाई." किंवा, "काल ढाब्यावरची तर्री वरपली व्हय? बराबर." एस.टी.चे कंडक्टर, मास्तर, एकदा तर मोटारसायकलवरचा एक फौजदार, सगळ्यांनी तिच्यापुढं हा केलेला मी बघितलाय.

आणि मग ते तिचं नेहमीचं बोलणं सुरू व्हायचं. "पोट म्हंजे रिकामं पोतं न्हाई, का दिसलं ते कोंबलं. तिथं वस्ती हाय. आपल्या नाक्यापरीस मोठी वस्ती. त्यायले आधी जेवू घाल. ते धड असले तं तू धड."

आता मी वापीला एका कारखान्यात आहे. घरापासून रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस. तिथं मागं एका तरुण डॉक्टरांनी कामगारांना जमवून भिंतीवर चित्रं दाखवली होती. आतड्यात असंख्य जंतू असतात, ते सगळे वाईट नसतात, आपण काय खातो त्यावर ते जगतात, असं बरंच. मी मागच्या रांगेत बसून हसत होतो. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं हसायला? मी म्हणालो, "साहेब, हे मला आधी एकदा सांगितलेलं आहे." कोणी, ते मी सांगितलं नाही. 

एकदा एक पंजाबी ड्रायव्हर आला. आंबिलीचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "माताजी, थोडी चीनी डालो ना."

मावशीनं डाव हातात घेतला. "साकर पाह्यजे असंल तं पुढं मिठाईचं दुकान हाय. माझ्या लेकरायच्या तोंडात साकर घालू नको, मस्तावतेत ते."

त्याला मराठी कळलं नसावं, पण डाव कळला. मुकाट्यानं पेला रिकामा केला. मग दुसरा मागितला. त्यानंतर त्याची गाडी नाक्यावरून गेली की लिंबाजवळ लांब हॉर्न वाजायचा आणि मावशी न बघता म्हणायची, "आला पाय साकऱ्या."

पोटातल्या वस्तीचं हे सगळं सांगताना तिच्या स्वतःच्या हातात मात्र चहा असायचा. हीच तर गंमत होती, तेव्हा आम्हाला गंमत वाटायची. मावशी स्वतः आंबील पीत नसे. दिवसभर चहा. ज्यानं त्यानं प्रेमानं पाजलेला चहा, आणि त्यात हॉटेलवाल्याला तिची ताकीद, "माझ्या कपात दोन चमचे वरून." सोबत खारी, टोस्ट, गोड बिस्किटं. मी एकदा विचारलं, तुम्ही काहून पीत न्हाई आंबील?

"जन्मभर तेच पेली ना बाप्पा," ती म्हणाली. "आमच्या घरी साकर जावई आला का दिसे. माय त्याच्या चहात टाके अन् चमचा मले चाटायले दे. तो चमचा मी दिवसभर तोंडात ठेवे. आता किसन जीप चालवून राहिला, घरात साकरेचा डबा भरेल हाय. अन् मी आंबील पिऊ?"

किसन तिचा मुलगा. हिंगोली-वाशिम काळीपिवळी चालवायचा. त्यानं आईला पहिल्यांदा साखरेचं पोतं आणून दिलं तेव्हा ती त्या पोत्यावर बसून चहा प्याली, असं तोच हसत हसत सांगायचा.

माझ्यावर तिचे उपकार कसे झाले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कामाच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. मी मेडिकलमधून आपल्या मनानं कॅप्सुला आणून खाल्ल्या. ताप गेला, पोट बिघडलं. ते थांबावं म्हणून आणखी गोळ्या आणल्या. दोन आठवडे मी दिवसातून नऊ-दहा वेळा बाहेर पळत होतो. पँट कमरेवर राहीना. जुन्या टायरांच्या ढिगावर पडून राहायचो आणि मनात एकच, आपण इथंच जाणार, गावाकडं घरी कोण कळवणार. मावशी आली, वाकली, वास घेतला.

"किती गोळ्या खाल्ल्या?"

मी उशाखालून रिकामी पाकिटं काढून दाखवली. ती खाली बसली.

"वस्ती उठवली रे तू. घरादारासगट जाळून टाकली. आता नवे लोक वसवा लागतीन." मग ओरडली, "पण आधी उठ, दवाखान्यात सलाईन लाव. माझ्या ताकानं तुझं पाणी भरून निघणार न्हाई. मंग माझ्याकडं ये."

दवाखान्यातून आल्यावर महिनाभर तिनं मला सांभाळलं. आधी पाण्यासारखं ताक, घोट घोट. मग मऊ भात आणि ताक. मग आंबील, अर्धा पेला, मग पेला. दर वेळी पोटावर कान लावून ऐकायची. "एक घर वसलं," म्हणायची. "आज दोन बिऱ्हाडं आले." आई जवळ नसलेल्या माणसाला हे ऐकून काय होतं, ते मी लिहू शकत नाही. ज्या दिवशी मी धड भाकर खाल्ली त्या दिवशी तिनं नाक्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे भित्रं पोटानं मरणार न्हवतं. भेऊन भेऊन मेलं असतं."

त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं होतं की मावशीचं काही दुखलं-खुपलं तर आपण आहोत. ते ठरवणंच पुढं अंगावर आलं.

हिंगोली जिल्हा झाल्याच्या आसपासची गोष्ट. मावशी थकायला लागली. पोट पुढं आलं, दंड बारीक झाले. उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणायची. दुपारी बसल्या बसल्या झोपायची. आणि एका सकाळी गाडगं उतू गेलेलं मी बघितलं. आंबटढाण वास सुटलेला, फडक्यावर फेस, माश्या, आणि मावशी आलेलीच नव्हती. असं कधी झालं नव्हतं. 

किसनच्या जीपमधून आम्ही तिला हिंगोलीला एका डॉक्टरांकडं नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "लिव्हर मोठं झालंय. चरबी चढलीय त्यावर. मावशी, दारू-बिरू काही?"

मावशी तपासायच्या पलंगावरून उतरली आणि त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. "साहेब, तुमी माझं तोंड हुंगा."

"अहो, तसं नाही..."

"हुंगा म्हन्ते ना. थेंबाचा वास आला तं मी इथून चालत घरी जाते."

डॉक्टर हसले, जरा ओशाळलेही. म्हणाले, न पिणाऱ्यालाही होतं हे, खाण्यापिण्यानं होतं. उद्या उपाशी पोटी या, रक्तातली साखर बघू, मग काय खायचं ते सांगतो.

त्या उद्याला आम्ही गेलो नाही.

आज मागं वळून बघितलं की मला तिथंच थांबावंसं वाटतं, त्या जीपमध्ये. परत येताना जीप भरलेली होती आणि लिव्हर हा शब्द मी मोठ्यानं बोललो. लिव्हर म्हणजे कावीळ, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. त्याला दुसरं काही होत असतं हे कोणी ऐकलंच नव्हतं. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं पथ्य सांगितलं. एकवीस दिवस. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद, आंबट बंद. उसाचा रस दिवसातून तीनदा, बिनबर्फाचा. सोबत फुटाणे. अशक्तपणा वाटला तर ग्लुकोजचं पाणी.

"आंबट म्हंजे ताक बी?" मावशीनं विचारलं.

"ताकाचं तं नावच काढू नका," म्हातारा म्हणाला.

"मंग डॉक्टर उद्या काहून बोलावून राहिला?"

"पैसे काढायले, दुसरं काय," कोणीतरी म्हणालं आणि जीप हसली. त्या गर्दीत शाळेची पायरी चढलेला बहुतेक मी एकटाच. सातवीपर्यंत का होईना. आणि सगळ्यात आधी मान मीच हलवली.

रस आणायचं काम मी मागून घेतलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रघूची रसवंती आमच्यापासून पन्नास पावलं. मी स्टीलचा तांब्या राखेनं घासून न्यायचो, रघूला सांगायचो, कावीळवाल्यासाठी आहे, ऊस सोलून घाल, मशीन आधी धू. तोही मनापासून करायचा. मी तांब्या झाकून आणायचो आणि मावशी दोन्ही हातांनी धरून तो रिता करायची. ओठ पुसून म्हणायची, "औषध असं असंल तं रोज आजारी पडावं बाप्पा." मला इतका आनंद व्हायचा. तिनं मला वाचवलं होतं, आता मी तिला वाचवत होतो.

नाक्यावर मात्र वेगळंच शिजत होतं. लिव्हरची बातमी पसरली आणि लोकांनी तिचा अर्थ लावला. चहाच्या हॉटेलात एकजण म्हणाला, "लिव्हर कशानं जाते, माहीत हाय ना? अन् ती आंबील तरी काय हाय, आंबवलेलंच ना ते?" दुसरा म्हणाला, म्हणूनच ड्रायव्हर लोक थांबत होते. वर्षानुवर्षं तिच्यापुढं हा करणारी माणसं लिंबाकडं न बघता जायला लागली. मावशीनं ऐकलं. मी वाट बघत होतो की आता ती रस्ता दणाणून सोडेल. ती नुसती फडकं गाडग्यावर ओढून बसून राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तिच्यातलं काहीतरी सरत चाललंय.

मग तिची तहान सुरू झाली. "घसा वाळून राहिला रे," म्हणायची. मी रस आणायचो. तासाभरानं पुन्हा तहान. मी पुन्हा आणायचो. तीनदाचं पाचदा झालं. ती सारखी उठून मागच्या कुंपणाकडं जायला लागली, आणि एका सकाळी मी तिथं मुंग्या बघितल्या. काळ्या मुंग्यांची जाड रांग, लिंबाच्या बुंध्यापासून कुंपणापर्यंत, ती बसायची त्या ओल्या जागेवर गोळा झालेली. मला वाटलं, रस सांडला असेल. पण रस तर मी तिथं कधी नेलाच नव्हता. बराच वेळ मी त्या मुंग्यांकडं बघत राहिलो.  मी पायानं माती ओढली त्यावर आणि कोणाला सांगितलं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी मी तांब्या घेऊन गेलो तेव्हा मावशी खांबाला टेकून बसली होती. डोळे उघडे.

"मावशी, घ्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. नवख्या माणसाकडं बघावं तसं, अदबीनं.

"कोण हाव तुमी?" तिनं विचारलं.

तुमी. सहा वर्षांत तिनं मला भित्र्या म्हटलं होतं, मुडद्या म्हटलं होतं, तुमी कधी म्हटलं नव्हतं. तांब्या माझ्या हातातून सुटला.

किसन नशिबानं नाक्यावरच होता. आम्ही तिला जीपमध्ये आडवी घातली. डोकं माझ्या मांडीवर. कातडी कोरडी, तापलेली, जीभ टाळूला चिकटलेली. श्वास चालू आहे का ते बघायला मी तिच्या तोंडाशी वाकत होतो, आणि दर वेळी वाटायचं, आता येणार नाही. वीसेक मैलांचा तो रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केला असेल. त्या दिवशी तो संपेना.

दवाखान्यात तेच डॉक्टर. बोटाला टोचून रक्त बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. साखर यंत्राच्या आकड्यांबाहेर गेली होती. हातापायाला सुया लागल्या. जरा वेळानं ते बाहेर आले.

"खायला काय देत होतात?"

"काही न्हाई साहेब," किसन म्हणाला. "पथ्यावर होती. काविळीच्या."

"कावीळ कोणी सांगितली?"

किसननं खाली बघितलं. मला वाटलं, गप्प राहावं. कोणाला कळणार आहे?  पण तोंडातून निघून गेलं, "रस मी पाजला साहेब. दिवसातून तीनदा. मग पाचदा. ग्लुकोज बी मीच आणलं."

किसननं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून दिसते. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मी उद्या या म्हणालो होतो ना रे?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. किसन समोरून जायचा, बोलायचा नाही. मी नळावर पुन्हा पुन्हा हात धूत होतो, चिकट लागायचे. देवाला काय काय कबूल केलं ते सगळं आता आठवतही नाही. आतून कोणी घाईनं बाहेर आलं की मी उभा राहायचो, बातमी झेलायला, आणि ती नर्स पाणी प्यायला निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी किसन दारात येऊन म्हणाला, "बोलावून राहिली तुले."

मी दारातच थांबलो. मावशी पलंगावर लहान दिसत होती. कडे काढून ठेवलेले, मनगटं उघडी.

"आत ये रे भित्र्या."

"मावशी, म्या..."

"आईक. रस तू आणला, पेली मी. घसा माझा व्हता." ती थांबली, दम घेतला. "मले गोडच पाह्यजे व्हतं. तुमी सगळ्यायनं निमित्त देलं. त्या म्हाताऱ्यानं कडुनिंबाचा रस सांगतला असता तं मी दोन दिसात पथ्य मोडलं असतं. मंग तुझा काय गुन्हा?"

मी तिच्या पायाशी बसून रडलो. ती म्हणाली, "पुरे. नाक पूस. लोकायले वाटंल मी मेली."

निघताना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, ते किसननं माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलं, म्हणजे माझ्याशी तो तेव्हा बोलला. साखर, गूळ, बिस्किट, मैदा बंद. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाज्या, ताक. रोज पायी चालायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत.

"अन् आंबील?" मावशीनं विचारलं.

"चालेल. वाटीभर. गाडगंभर नाही."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजे मी जे जगाले पाजलं, तेच आता तुमी मले सांगून राहिले."

"ती काही औषध नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आंबिलीनं लिव्हर बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या चहापेक्षा कितीतरी बरी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चरबी उतरते. मेहनत केली तर नक्की उतरते. पण तुमचं लिव्हर काही ठिकाणी निबर व्हायला लागलंय. ते परत मऊ होईल का, ते मला सांगता येणार नाही."

निबर हा शब्द तिनं घरी नेला. भेंडी निबर होते, वांगं निबर होतं, ते आपण टाकून देतो. त्या शब्दानं जे केलं ते सुयांनी केलं नव्हतं.

मावशी पथ्यानं राहिली, अशी राहिली की हॉटेलवाल्याला बिनसाखरेचा चहा करताना तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. गाडगं पुन्हा सुरू झालं. किसननं एकदा हॉटेलात टेबलावर हात आपटून सांगितलं की माझ्या मायला साखरेची बिमारी आहे, आणि दुसरं काही ज्यानं म्हटलं त्यानं समोर यावं. हळूहळू माणसं परत लिंबाकडं वळली. पण मावशी आता कोणाला हा करायला सांगत नव्हती. सकाळी गाडग्याच्या आधी ती आमच्या दुकानापुढं उभ्या ट्रकच्या आरशात बघायची. एका हातानं खालची पापणी ओढून, मान वाकडी करून.

"पिवळे दिसतेत का रे?"

"न्हाई मावशी. पांढरेशुभ्र हाइत."

"बराबर पाय. उजेडात पाय."

मी उजेडात बघायचो. दिवसातून तीन-चार वेळा हे व्हायचं. बोलता बोलता तिचा हात बरगडीखाली जायचा आणि चाचपत राहायचा, दळणात खडा शोधावा तसा. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि ती आत कुठंतरी ऐकत असायची. मला भित्रा म्हणणं तिनं बंद केलं होतं. मला ते बंद झालेलं सोसत नव्हतं.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली, हे आधीच सांगून टाकतो. आठ की नऊ. गेली ती छातीत कळ येऊन, लिव्हरनं नाही, असं किसननं फोनवर सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला नीट सांगता आलं नाही आणि मी विचारलं नाही. मला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी कारखान्याच्या जेवणघरात ताक होतं, ते मी पिऊ शकलो नाही. माझं पोट आज धड आहे ते तिच्यामुळं, आणि तिला मरणाच्या दारात नेलं तेही मीच. हे दोन्ही मी रोज सोबत घेऊन कामावर जातो. कारखान्यात दर वर्षी तब्येतीची तपासणी असते. माझा कागद येईपर्यंत मला जेवण जात नाही.

तिला मी शेवटचं बघितलं ते मी वापीला निघालो त्या दिवशी.

आदल्या दिवशीच तिची दुसरी सोनोग्राफी झाली होती. मी सोबत होतो. डॉक्टर खूश दिसले. चरबी बरीच उतरलीय म्हणाले, शाबास मावशी म्हणाले. मावशीनं विचारलं, "अन् ते निबर?" डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढं आहे. वाढलं नाही, हे काय कमी आहे?" मावशी हसली. येताना जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं, बरी हाय मी, चरबी झडली. नाक्यावर उतरून हॉटेलात सांगितलं, रघूला सांगितलं. मला म्हणाली, "जाय तू बिनघोर. तिथं ज्वारी भेटत नसंल तं बाजरी पाय."

सकाळी अकोल्याची गाडी होती, तिथून पुढं रेल्वे. पिशवी घेऊन मी पाया पडायला लिंबाखाली गेलो तर फडकं गाडग्यावर तसंच, मावशी नाही. चालायला गेली असेल म्हणालं कोणी. ती रोज पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत जायची आणि परत यायची. मी वाट बघितली. एस.टी. आली, कंडक्टरनं घंटी मारली, मी चढलो.

बस वाशिमच्या रस्त्याला लागली. मी डाव्या खिडकीला बसलो होतो, वाटेत दिसेल म्हणून. पहिला दगड गेला. ती तिथं नव्हती. दुसरा गेला.  तिसऱ्याच्याही पुढं, जिथं दोन्ही बाजूला नुसती तुरीची रिकामी रानं होती, तिथं ती दिसली. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही मुठी आवळलेल्या, मान खाली. एवढ्या भरल्या अंगाची बाई एवढ्या वेगानं चालताना मी कधी बघितली नव्हती. ओठ हलत होते, पावलं मोजत असावी.

"मावशी!" मी खिडकीतून ओरडलो. "मावशी, मी निघालो!"

बस तिच्या इतक्या जवळून गेली की पदराचं टोक उडालं. तिनं वर बघितलं नाही. मी उठून मागच्या काचेशी गेलो. धुळीतून ती दिसत राहिली, रस्त्याच्या कडेनं, घरापासून आणखी लांब येत. एकदाच तिनं मान वळवून, कोणी पाठीला लागलंय का ते बघावं तसं, आपल्या मागं बघितलं. मागं रस्ता मोकळा होता. मग तिनं पावलं आणखी उचलली.